खवणेकरांचे उघडे पत्ते

तळेकोटच्या दत्ताराम खवणेकरांनी सिंगापूरला जायचं ठरवलं ते बायकोसाठी, आणि ते फिसकटलं ते 'सीगल७७' नावाच्या एका माणसामुळे. मधल्या सात महिन्यांत त्यांनी एक जुना मित्र दुखावला, पोलीस चौकीची पायरी चढली, राहत्या घरात साडीचा तंबू ठोकला आणि शेवटी आयुष्यभर पोटात ठेवलेली एक गोष्ट रविवारी सकाळी चहाच्या वेळेला बाहेर काढली. एवढं सगळं त्यांनी पत्ते खेळून केलं, आणि तेही एक पैसा न लावता.

दत्ताराम सदतीस वर्षं तळेकोटच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. त्या काळी मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागे आणि तो लावणारे हात दत्तारामांचे असत. कोणाचा मुलगा नोकरीवरून निघाला, कोणाचं स्थळ मोडलं, कोणाची सासू 'आजारी' म्हणजे नक्की किती आजारी, हे सगळं आधी त्यांच्या कानांवरून जाई आणि मग पुढे मुंबईला पोचे. नियम असा होता की जोडणी झाली का एवढंच ऐकायचं आणि लगेच बोर्डावरची ऐकायची किल्ली बंद करायची. दत्तारामांची किल्ली कधी कधी उशिरा बंद व्हायची, पण तोंड मात्र कायम बंद असायचं. म्हणून गावात त्यांना मान होता. लग्नाच्या पंगतीत त्यांचं पान मानकऱ्यांच्या रांगेत असे, आणि ते तो मान गंभीर चेहऱ्याने स्वीकारत.

ऐकलेल्या गोष्टीचा स्वतःसाठी उपयोग त्यांनी सदतीस वर्षांत एकदाच केला. साल १९७१. विठोबा मयेकर दुकानातल्या फोनवरून मुंबईच्या भावाशी बोलत होते. मुंबईच्या स्थळाकडून नकार आला होता. विठोबा म्हणत होते की आता गावातलाच कोणी नोकरीवाला मिळाला तर पोरगी देऊन टाकतो, पण पोरीने हट्ट धरलाय. मॅट्रिक करू देईल त्याच्याशीच लग्न करणार म्हणते, आणि तसं आपण होऊन म्हणणारा जावई मी आणू कुठून? दत्तारामांनी किल्ली बंद केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते विठोबांच्या अंगणात हजर झाले, मुलगी पाहिली, आणि चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "माजी एकच अट आसा. चेडवाक मॅट्रिक करूक देवक व्हया." विठोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. महिन्याभरात पार्वती विठोबा मयेकरची राधा दत्ताराम खवणेकर झाली.

ही अट राधाबाईंनी सदतीस वर्षं मिरवली. हळदीकुंकवात, एसटीत, डॉक्टरच्या दवाखान्यात, शेजारी बसलेली बाई दोन मिनिटं गप्प राहिली की राधाबाई सुरू. "माज्या घोवान आपण हून सांगल्यान हां. त्या टायमाक असां सांगणारो दुसरो एक दाखवा माका." अशा वेळी दत्ताराम जवळ असले तर पायाच्या अंगठ्याकडे बघत बसत. लोकांना तो विनय वाटे. माणूस वाईट नव्हता. सुरुवातीला सांगायचं धाडस झालं नाही, आणि नंतर इतकी वर्षं झाली की आता सांगून संसारात माती कशाला कालवायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. पण ज्या बायकोला आपल्यात हीच एक गोष्ट सगळ्यांत चांगली दिसते, तिला ती एकच गोष्ट उसनी आहे हे कळलं तर मागे काय उरेल, ही भीती मात्र त्यांना कधी सोडून गेली नाही. निदान एक गोष्ट तिला अस्सल आपली म्हणून द्यावी, या सिंगापूरच्या खुळाला त्या भीतीनेच जागा करून दिली असणार.

खूळ आलं कॉम्प्युटरच्या वाटेने. मुलगी योगिनी पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत. दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. आईला रविवारी आपला चेहरा दिसावा म्हणून तिने २००८च्या सुरुवातीला एक कॉम्प्युटर घरी बसवून दिला. उरलेले सहा दिवस तो राधाबाईंनी विणलेल्या क्रोशाच्या झाकणाखाली पडून असे. निवृत्त माणसाला हे बघवलं नाही. दत्तारामांनी झाकण उचललं, इकडेतिकडे बोटं फिरवली, आणि त्यांना 'सिल्व्हर हार्बर' नावाची पोकरची साइट सापडली. दोन पत्ते हातात, पाच पत्ते मधोमध उघडे आणि टेबलाभोवती जगभरातली आठ माणसं. चतुर्थीला उभा जन्म तीन पत्ती खेळलेल्या माणसाला हे समजायला तासभर पुरला.

राधाबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी बजावलं, "पैसे लावलास तर ह्या डब्याक मी दर्यात टाकतलंय."

दत्तारामांनी पैसे लावले नाहीत. साइटवर पैशांऐवजी फुकट मिळणाऱ्या सोंगट्या लावून खेळायची, वर्षभर चालणारी एक स्पर्धा होती. तिच्यातल्या पहिल्या नऊ जणांना अंतिम सामन्यासाठी जोडीदारासकट सिंगापूरला नेणार होते. दत्ताराम मे महिन्यात चारशेवे होते, जुलैत साठावे, आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात अकरावे. ट्रंक कॉलवर माणूस 'सगळं ठीक आहे' म्हणतो तेव्हा काय ठीक नाही हे ओळखण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला समोरचा किती वेळ थांबून चाल देतो यावरूनच पुष्कळ काही कळायचं.

तळेकोटात बातमी पसरली. संध्याकाळी ओटीवर माणसं जमू लागली. शेजारचे भाई परुळेकर, हायस्कुलातून निवृत्त झालेले इंग्रजीचे मास्तर, थेट दत्तारामांच्या खुर्चीमागे स्टूल टाकून बसत आणि स्क्रीनवरचं इंग्रजी मोठ्याने वाचून दाखवत. सल्ल्यांना तोटा नव्हता. सिंगापुरात रस्त्यावर थुंकलं तर दंड होतो, म्हणून दत्तारामांनी पान सोडावं. तिथे मासे गोड करून खातात, म्हणून मसाला सोबत न्यावा. कोणीतरी स्वेटर घ्या म्हणालं, कोणीतरी अजिबात घेऊ नका म्हणालं, तेव्हा राधाबाईंनी तोडगा म्हणून अर्ध्या बाह्यांचा विणायला घेतला.

पासपोर्टसाठी दोघं जिल्ह्याच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने कागद वरखाली केले आणि विचारलं, "शाळेच्या दाखल्यावर पार्वती मयेकर आहे. ही कोण?"

"मीच," राधाबाई म्हणाल्या.

"मग राधा खवणेकर?"

"ती पण मीच."

"दोघींपैकी सिंगापूरला कोण जाणार आहे, ते आधी ठरवा," कारकून म्हणाला, आणि लग्नाचा पुरावा मागितला. १९७१ साली तळेकोटात लग्नाचा पुरावा म्हणजे जेवून गेलेली माणसं. मग प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, त्यांतले भाई मास्तर एक, आणि जन्मतारखेसाठी राधाबाईंचं मॅट्रिकचं प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र टेबलावर ठेवताना राधाबाईंनी कारकुनाला ऑफिसातल्या मराठीत सगळी हकिकत सांगितली. "यांनी स्वतःहून अट घातली होती हो, की मुलीला मॅट्रिक करू द्या." कारकुनाने पेन खाली ठेवून दत्तारामांकडे आदराने पाहिलं आणि तिथल्या तिथे शिक्का मारला. दत्ताराम अंगठा बघत होते.

आणि मग सीगल आला.

ऑक्टोबरात दत्ताराम सातवे असताना त्यांच्या टेबलावर सीगल७७ नावाचा खेळाडू बसायला लागला. दत्तारामांना दोन एक्के आले की हा पहिल्याच चालीत पॅक. दत्तारामांनी हातात काही नसताना हूल दिली की हा बेधडक सोंगट्या वाढवायचा. एकदा झालं, दोनदा झालं. नशीब म्हणून सोडून द्यावं, तर ट्रंक कॉलच्या नोंदी ठेवायची सवय आड आली. त्यांनी वही घातली. बारा दिवसांत अकरा वेळा हूल दिली आणि अकराही वेळा पकडले गेले. सातव्याचे ते एकोणिसावे झाले. त्या आठवड्यात राधाबाईंनी वाढलेली सुरमईची मधली तुकडी दोनदा त्यांच्या ताटात तशीच राहिली, यावरून काय ते समजावं.

ओटीवर तपास सुरू झाला. भाई मास्तरांच्या मते हे हॅकरचं काम होतं. हॅकर म्हणजे कोण असं विचारल्यावर त्यांनी, "ब्रेक करून आत येणारा," असा अर्थ सांगितला. दत्तारामांनी कुडाळला जाऊन व्हायरस मारायची सीडी आणली. तिने रात्रभर फिरून योगिनीने पाठवलेले मैत्रिणीच्या बाळाच्या बारशाचे फोटो तेवढे संशयित म्हणून पकडले. मग त्यांनी पासवर्ड बदलला, परत बदलला, आणि तिसऱ्यांदा बदललेला विसरले. तो परत मिळवण्यात चार दिवस गेले. एवढं होऊनही सीगल जागच्या जागीच होता.

शेवटी त्यांची नजर खुर्चीमागच्या स्टुलावर गेली. पत्ते दिसतात कोणाला, तर भाईंना. भाईंकडे नवा मोबाइल आहे आणि खेळ चालू असताना ते त्याच्यावर काहीतरी टिपत असतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी राधाबाईंची एक जुनी नऊवारी घेऊन कॉम्प्युटर आणि खुर्चीभोवती चारी बाजूंनी बांधली आणि स्वतः आत जाऊन बसले. ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि भारनियमनात त्या तंबूत काय होत असेल याची कल्पना केलेली बरी. भाई आले, साडीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "दत्ता, माका इंग्लिश येता म्हणान तू माका बसवलंस. चोर म्हणान उठवतंस?" स्टूल स्वतःच उचलून त्यांनी भिंतीला लावलं आणि घरी गेले. मोबाइलवर ते नातीसाठी इंग्रजी शब्द टिपून पाठवत असत, हे राधाबाईंना माहीत होतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

साडीच्या आतही सीगलला पत्ते दिसतच राहिले.

दत्ताराम पोलीस चौकीत गेले. हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वही चाळली.

"म्हणजे तुम्ही जुगार खेळता," ते म्हणाले.

"पैसे लावत नाही."

"मग गेलं काय तुमचं?"

"सिंगापूर," दत्ताराम म्हणाले.

हवालदारांनी वही परत दिली. "आरोपीचं नाव सीगल. पत्ता?"

"माहीत नाही."

"कंपनी कुठली?"

"वेस्ट इंडीजजवळच्या एका बेटावर नोंदलेली आहे."

"हे बघा खवणेकर," हवालदार आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही तक्रार द्यायला आलात की कबुली, ते मला अजून ठरवता येत नाही. ते ठरायच्या आत घरी जा." सदतीस वर्षं सगळ्या गावाचा विश्वास सांभाळलेला माणूस मान खाली घालून चौकीची पायरी उतरला.

रविवारी त्यांनी योगिनीला गाठलं. तिने बापाची वही कॅमेऱ्यासमोर एकेक पान धरायला लावून वाचली. घरचं बोलताना ती मालवणीत बोले आणि कॉम्प्युटरचं काही निघालं की पुण्याच्या मराठीत शिरे.

"बाबा, बाहेरून कोणी आत शिरणं अवघड आहे. तुमच्या घरापासून त्यांच्या मशीनपर्यंत सगळं कुलूपबंद जातं. तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये काही लपून बसलं असतं तर पत्ते दिसले असते, पण तो मी इथून तपासला, स्वच्छ आहे. पत्ते पिसायची पद्धत कच्ची असेल तर पुढचं पान ओळखता येतं, पण हा पुढचं नाही ओळखत. हा तुमच्या हातातलं बघतो."

"बघता कसो पण?"

"पत्ते वाटतं कोण? कंपनीचं मशीन. म्हणजे त्या मशीनला सगळ्यांचे पत्ते माहीत असणारच. आणि त्या मशीनजवळ काम करणारी माणसं आहेत. आमच्याकडे पण असतं तसं. चूक शोधायची तर सगळं दिसावं लागतं, म्हणून एक खातं ठेवतात, ज्याला सगळं दिसतं. ज्याच्या हाती ते खातं, त्याने डोळे मिटावेत अशी अपेक्षा असते."

"आणि नाय मिटल्यान तर?"

"तर कळत नाही कोणाला. कुलपं सगळी चोरांसाठी असतात, बाबा. घरातल्याला किल्ली दिलेलीच असते."

दत्ताराम वही मिटून पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले. किल्ली हा शब्द त्यांना नको तिथे लागला होता. बापाला तांत्रिक भाग कळला नाही असं समजून योगिनीने तेच परत सावकाश सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मासे आणायला किनाऱ्यावर गेले. महादू तांडेलची रापण नुकतीच ओढून झाली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून पन्नास माणसांनी मिळून ओढायचं लांबलचक जाळं; दोर ज्याने ओढला त्याला वाटा. बांगडा बरा मिळाला होता. महादूने वाळूवर वाटे घातले. कितीही नीट घातले तरी कुठे दोन बांगडे मोठे, कुठे लहान, हे होणारच. मग एक म्हातारा वाट्यांकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. महादू एका वाट्यावर हात ठेवून विचारी, "ह्यो कोणाचो?" आणि म्हातारा न बघता नाव घेई. ज्याला वाटे दिसतात त्याने नाव घ्यायचं नाही, आणि जो नाव घेतो त्याने बघायचं नाही. दत्तारामांनी हे लहानपणापासून हजार वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी ते वाळूत खिळल्यासारखे उभे राहिले.

"महादू, तुज्यार लोकांचो विश्वास नाय काय रे?"

"आसा तर," महादू म्हणाला. "म्हणानच पाठ फिरवक लावतंव. उद्या ह्या वाट्यांत माज्या पोराचो वाटो इलो, तर माजो हात माका इचारून थोडोच जातलो?"

दत्ताराम मासे न घेताच परत आले. त्यांनी ठरवलं, कंपनीला पत्र लिहायचं. पण पत्र इंग्रजीत हवं आणि इंग्रजी शेजारी रुसून बसलेलं. संध्याकाळी त्यांनी भिंतीचं स्टूल स्वतः उचललं, भाईंच्या दारात नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "माजां चुकलां. तू बस, नायतर माका बसव." भाईंनी त्यांना बरोबर दहा मिनिटं उभं ठेवलं आणि मग चहा सांगितला. माणसाला माफ करायला त्यांना तेवढाच वेळ लागला. इंग्रजीतल्या चुकीला मात्र ते माफी देत नसत, त्यामुळे पत्र लिहायला नऊ दिवस लागले. पाठ फिरवून उभा राहणारा म्हातारा इंग्रजीत नेताना एक अख्खी दुपार गेली. पत्रात अकरा हुलींचा तक्ता होता, आणि शेवटी सरळ प्रश्न होता: तुमच्याकडे वाटे घालणारा वेगळा आणि नाव घेणारा वेगळा आहे का? तुमच्यात पाठ फिरवून कोण उभं राहतं?

कंपनीने आधी आभार मानले, मग खेळात नशिबाचाही भाग असतो असं कळवलं, मग दीड महिना गप्प बसली. डिसेंबरात तिचं मोठं पत्र आलं. भाईंनी ते ओटीवर उभं राहून वाचलं. जगभरातून आणखी काही तक्रारी आल्या होत्या. चौकशीत असं निघालं की यंत्रणा उभी करणाऱ्या एका कर्मचाऱ्याने सगळ्यांचे पत्ते दिसणारं तपासणीचं खातं चालूच ठेवलं होतं आणि त्याचा मित्र सीगल नावाने खेळत होता. स्पर्धा रद्द करण्यात येत आहे. दिलगीर आहोत. मात्र खेळाडूंच्या बाजूने लक्ष ठेवायला पाच जणांची एक समिती नेमत आहोत. श्री. खवणेकर यांनी तीत यावं अशी विनंती आहे. पहिली बैठक सिंगापूरला, जोडीदारासकट.

राधाबाईंनी अर्धवट पडलेला स्वेटर परत हातात घेतला. तळेकोटात दत्तारामांची मान पूर्वीपेक्षा चार बोटं वर गेली. हवालदारांनी बाजारात स्वतःहून नमस्कार केला.

सोबत एक फॉर्म होता. रविवारी सकाळी योगिनी पडद्यावरून एकेक प्रश्न वाचत तो भरत होती. नाव, वय, शिक्षण. राधाबाई चहाचा कप घेऊन दत्तारामांच्या शेजारी बसल्या होत्या.

"बारावा," योगिनी म्हणाली. "कुठल्याही नोकरीत, कामामुळे कळलेल्या माहितीचा तुम्ही स्वतःच्या फायद्यासाठी कधी वापर केला आहे का? नाही. 'नाही' टाकते."

"थांब," दत्ताराम म्हणाले.

योगिनीने तोंड उघडलं, आणि बरोबर दहा वाजता वीज गेली. पडदा काळा झाला. पंखा थांबत थांबत थांबला.

आता खरं तर सुटका झाली होती. प्रश्न गेला, विचारणारी गेली, आणि दोन तासांनी वीज आल्यावर 'नाही' टाक म्हणून सांगितलं असतं तर पान हललं नसतं. दत्तारामांनी एवढा सगळा विचार केला. मग त्यांना कंपनीला लिहिलेल्या पत्रातला आपलाच प्रश्न आठवला, आणि लाज वाटली.

"राधा," ते म्हणाले, "तुज्या बापाशीन तेव्हा मुंबैक फोन लावल्यानी. तू मॅट्रिकचो हट्ट धरलंस तां ते भावाक सांगी होते. मी किल्ली बंद करूक नाय. सगळां आयकलंय. आणि दुसऱ्या दिसा तुमच्याकडे येवन तांच बोललंय."

राधाबाईंचा कप हातातच राहिला.

"म्हणजे ती अट माजी होती," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"तुमची न्हय."

"न्हय."

त्या उठल्या, दोन्ही कप घेऊन आत गेल्या. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. ते झालं असतं तर दत्तारामांना बरं वाटलं असतं. पुढचे पाच दिवस घरात 'जेवण वाढलंय' आणि 'दार लावा' यापलीकडे शब्द नव्हता. भाईंची बायको आली आणि गेली, पण राधाबाईंनी अटीची गोष्ट काढली नाही. विणायच्या सुया टोपलीत गेल्या. दत्ताराम ओटीवर बसून राहिले आणि आपण बोललो ते तिच्यासाठी बोललो की स्वतःला हलकं वाटावं म्हणून, याचा विचार करत राहिले. मधेच पोस्टमन राधाबाईंचा पासपोर्ट देऊन गेला.

फॉर्म त्यांनी 'हो' टाकून पाठवायला सांगितला होता. शुक्रवारी कंपनीचं दोन ओळींचं उत्तर आलं. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे, परंतु नियमानुसार आपल्याला समितीत घेता येत नाही. योगिनीने ते आईला फोनवर वाचून दाखवलं. राधाबाईंनी तिला दोनदा विचारलं, "'व्हय' असांच लिवल्यानी? नक्की?"

त्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातून तेलाचा आवाज येत होता. दत्ताराम दारात येऊन उभे राहिले. राधाबाई तव्याकडे बघत म्हणाल्या, "पयल्या खेपेक मी गणितात नापास झालंय. बापाशी म्हणाले, आता पुरे. तुमी ऑक्टोबरात माका सायकलीर बसवन मालवणाक परीक्षेक घेवन गेलास. बारा मैल. तां कोणी फोनवर सांगलेलां?"

"ना," दत्ताराम म्हणाले. "तां कोणी सांगूक नाय."

"हं," राधाबाई म्हणाल्या.

त्यांनी तवा उतरवला, दोन ताटं मांडली, भात वाढला, आमटी वाढली. सुरमईच्या दोन तुकड्या होत्या. मग पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "भिंतीकडे तोंड करा."

दत्तारामांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि ते पाठ करून उभे राहिले.

"ह्यो वाटो कोणाचो?"

"तुजो."

"आणि ह्यो?"

"माजो."

ते वळले तेव्हा राधाबाई जेवायला बसल्याही होत्या. मधली तुकडी त्यांच्या ताटात होती. शेपटीकडची दत्तारामांच्या. राधाबाईंनी अदलाबदल केली नाही, अर्धी मोडून दिली नाही, सावकाश चवीने खात राहिल्या. दत्ताराम खाली बसले. शेपटीकडे काटे फार आणि मांस थोडं, त्यामुळे खायला वेळ लागतो. काटे काढता काढता त्यांच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत ही तुकडी त्यांच्या ताटात कधी आलीच नव्हती. वाढणारी तीच होती, बघणारी तीच होती, आणि शेपूट रोज जायचं कुठे हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"राधा," ते म्हणाले, "ही तुकडी इतकी वर्सां तू खाय होतंस?"

"गपचूप जेवा," राधाबाई म्हणाल्या. "काटो लागतलो."